गाडी राखणारा माणूस : जालना जिल्ह्यातील मोटारसायकलप्रेमाचे दैनंदिन स्वरूप

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या आवारात सकाळी उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे प्राध्यापकवर्ग सहसा दोन दृष्टींनी पाहतो. एक दृष्टी शिस्तीची असते : गाडी कुठे लावली, सायलेन्सरचा आवाज किती, एका गाडीवर तिघे का बसले. दुसरी दृष्टी काळजीची असते, कारण प्रत्येक महाविद्यालयाने आपला एखादा विद्यार्थी रस्त्यावर गमावलेला असतो. या दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. परंतु त्या गाडीचा मालक तिच्यासोबत कसा जगतो, तिच्याविषयी त्याला काय ठाऊक असते आणि ते त्याने कोठून मिळविले, हा प्रश्न दोहोंतून सुटतो. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील मोटारसायकलप्रेमी व्यक्तीचे दैनंदिन जीवन आणि तिच्या आवडीनिवडी यांचा या अंगाने विचार केला आहे.

‘मोटारसायकलप्रेमी’ म्हटले की महागडी गाडी, चामडी जाकीट आणि वेगाचे वेड असे चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र जाहिरातींनी व चित्रपटांनी घडविले आहे. जालन्यातील मोटारसायकलप्रेमी बहुधा शंभर ते दीडशे सीसीची गाडी चालवतो आणि तीच गाडी घरातील सर्व कामांना जुंपलेली असते. त्याचे वेगळेपण वेगात नसून गाडी राखण्यात आहे. आपल्याकडे बैल राखतात, शेत राखतात, त्याच अर्थाने तो गाडी राखतो.

जिल्हा आणि वाहन

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९.६ लाख असून त्यांपैकी पाचव्या हिश्शाहून कमी लोक शहरांत राहतात. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालना, बदनापूर व परतूर या गावांवरून जातो. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी आणि मंठा ही पाच तालुक्यांची ठिकाणे मात्र रेल्वेवर नाहीत. साहजिकच येथील जनतेचा भार एस.टी.वर व खाजगी वाहनांवर पडतो. एस.टी. तालुक्याला जोडते, मोठ्या गावाला जोडते. शेतातील आखाड्यावर किंवा वस्तीवर ती जात नाही. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाच्या काळात तर ज्या घरी गाडी नव्हती त्या घरचे शिक्षण, दवाखाना आणि बाजार या तिन्ही गोष्टी अडल्या.

म्हणून येथे मोटारसायकल प्रथम गरज म्हणून आली. पहाटे तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकतात. नंतर तीच मुलांना शाळेच्या फाट्यावर सोडते. दुपारी कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या, खताचे पोते किंवा फवारणीचा पंप वाहते. सायंकाळी चाऱ्याच्या पेंड्या घेऊन परतते. हौस या गरजेच्या पोटी जन्मली. ज्या वस्तूवर घर चालते तिच्याविषयी माणसाला जी माया वाटते, तीच पुढे छंदाचे रूप घेते.

जालन्यापासून साधारण साठ किलोमीटरवर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आहे. त्याच्या पश्चिमेस वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तोवर ‘कारखान्यात बनलेली वस्तू’ मराठवाड्याला दुरून येत असे. आता दुचाकी आपल्याच शिवारात तयार होऊ लागली. योगायोगाने देशातील मोटारसायकलीच्या इतिहासातही १९८५ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी-१०० ही चार स्ट्रोकची गाडी बाजारात आली आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स-१०० ही दोन स्ट्रोकची गाडीही आली. एक पेट्रोल वाचविण्यासाठी प्रसिद्ध झाली, दुसरी झेपेसाठी. मराठवाड्यातील पुढील दोन पिढ्यांच्या गप्पा या दोन टोकांमध्ये फिरत राहिल्या. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००१ मध्ये पल्सर आली. राजदूत, येझदी आणि एम-८० या गाड्या हळूहळू अंगणातून गोठ्याच्या बाजूला सरकल्या.

देखभालीचा दिनक्रम

मोटारसायकलप्रेमी माणसाची सकाळ गाडी पुसण्याने सुरू होते. हे कृत्य वरवर पाहता किरकोळ आहे. तथापि पुसताना त्याचा हात प्रत्येक भागावरून फिरतो आणि सैल झालेला नट, तेलाचा ओघळ, तुटू पाहणारी क्लचची तार, चाकातील ढिली आरी या गोष्टी डोळ्यांच्या आधी हाताला कळतात. मग तो किक मारतो. बटण असले तरी पहिला स्टार्ट किकनेच द्यावा, अशी पुष्कळांची धारणा आहे. थंड इंजिन लगेच रेस न करता थोडा वेळ संथ चालू ठेवणे हाही त्याच्या नित्यनेमाचा भाग. तेल इंजिनच्या तळाशी उतरलेले असते. ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो धीर धरावा लागतो. हे कारण त्याने पुस्तकात वाचलेले नसते. गॅरेजमध्ये उघडलेले इंजिन पाहून आणि मिस्त्रीचे बोलणे ऐकून त्याने ते आपल्याशी जुळविलेले असते.

गाडीचे परीक्षण तो मुख्यतः कानाने करतो. इंजिनच्या वरच्या भागातून ‘टिकटिक’ येऊ लागली म्हणजे टॅपेट सैल झाले. खालून जड ठोका येत असेल तर दुखणे खोल आहे. चढावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही, तेव्हा क्लच प्लेट झिजली असे समजावे. सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागला की पिस्टनच्या रिंगा गेल्या व इंजिन तेल जाळत आहे. काळा धूर असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. प्लग काढून त्याचा रंग पाहणे ही तर एक स्वतंत्र विद्याच आहे. फिकट विटकरी किंवा तपकिरी रंग हे ज्वलन नीट होत असल्याचे लक्षण. काजळी धरलेला प्लग जास्त पेट्रोलाची खूण सांगतो, पांढुरका पडलेला प्लग हवा जास्त व पेट्रोल कमी असल्याची. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखण्याचा प्रयोग बारावीला असतो. प्लगचा रंग ओळखणारा मुलगा त्या प्रयोगात अनुत्तीर्ण होताना आढळतो, ही गोष्ट शिक्षकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

या दिनक्रमाला स्थानिक मातीचा रंग आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी कसदार जमीन आहे. पावसाळ्यात पाणंद रस्त्याने गाडी नेली की ही चिकण माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते आणि काही अंतरावर चाक फिरायचेच थांबते. म्हणून मृगाचा पाऊस झाला की कित्येक जण पुढचे मडगार्ड काढून ठेवतात किंवा ते वर उचलून बसवतात. गाडीच्या पिशवीत माती काढण्यासाठी एक काडी किंवा लोखंडी पट्टी असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि धूळ उडते, तेव्हा एअर फिल्टर वारंवार झटकावा लागतो, चेनला तेल द्यावे की कोरडी ठेवावी यावर वाद झडतात. (तेल दिले तर धूळ चिकटते, न दिले तर चेन झिजते, हा वाद अनिर्णीत आहे.) कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मृग नक्षत्राचा उल्लेख नसतो. तो जमेस धरूनच येथील माणूस गाडीचे वेळापत्रक ठरवितो.

अॅव्हरेज हा त्याच्या बोलण्यातील सर्वांत आवडता विषय होय. पेट्रोलची टाकी रिकामी करून मोजून अर्धा लिटर टाकायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत ठराविक रस्त्याने चालवायची, ही अॅव्हरेज काढण्याची गावठी पण शुद्ध प्रायोगिक पद्धत आहे. रस्ता, वजन व वेग स्थिर ठेवून केवळ कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि फरक नोंदवायचा. एका वेळी एकच घटक बदलावा हा प्रयोगाचा नियम येथे कोणी शिकविलेला नाही, तरी पाळला जातो.

वर्षातून एकदा या देखभालीला धार्मिक रूप येते. खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा करण्याची परंपरा आहे. नांगर, विळा, कोयता यांच्या रांगेत मोटारसायकल येऊन बसली त्याला आता बराच काळ लोटला. गाडी धुऊन हँडलला झेंडूची माळ घालतात, टाकीवर हळदी-कुंकू वाहतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. नवी गाडी घ्यायची ती दसऱ्याला किंवा पाडव्याला. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याचा असतो, तर कपाशी व सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा, फार तर दोनदा हाती येतात. या दोन कालगणनांमधील विसंगतीमुळे कित्येक हौशी तरुणांच्या गाड्या ओढून नेल्या गेल्या आहेत. मोटारसायकलप्रेमाविषयी लिहिताना ही बाजू झाकता येत नाही. त्याचप्रमाणे हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून लागू असूनही सोयरीक जमविताना ‘मुलाला गाडी’ हे शब्द अद्याप ऐकू येतात; त्या वेळी हौस मुलाची असते आणि हप्ते मुलीच्या बापाचे.

जुन्या गाड्यांचा नाद

मोटारसायकलप्रेमींमध्ये एक लहानसा वर्ग जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा आहे. येझदी, राजदूत, आरएक्स-१०० आणि जुनी बुलेट ही त्यांची दैवते. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीतील उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आरएक्स-१०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. आज नव्या कंपनीने येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले असले तरी जुन्याच्या उपासकांना त्याचे विशेष अप्रूप नाही. येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, किक मारून तो पुढे घेतला की गिअर टाकता येतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला असतो. अशा गाडीवर नवखा माणूस बसला की ब्रेक दाबायला जातो आणि गिअर बदलतो. गाडी मालकालाच ओळखते, असा जो समज आहे तो या रचनेतून आला असावा.

जालना शहरात भंगार लोखंड भट्टीत वितळवून सळई तयार करण्याचा मोठा उद्योग आहे. ज्या शहरात जुने लोखंड वितळण्यासाठी येते, त्याच शहरात येझदीचा एखादा पार्ट मिळावा म्हणून हे लोक भंगाराच्या दुकानांतून हिंडतात. मिळाला नाही तर लेथवाल्याकडून करून घेतात. लेथवाल्याच्या अनुभवाला तोलामोलाची दाद देणारा ग्राहक म्हणून या वर्गाचे महत्त्व आहे.

आवाज, आकडे आणि कायदा

हौसेची दुसरी दिशा गाडी बदलण्याकडे जाते आणि येथे तिची कायद्याशी गाठ पडते. क्रमांकाच्या पाटीवर ४१४१ हे आकडे ‘दादा’ असे व २१४ हे आकडे ‘राम’ असे दिसावेत म्हणून त्यांना वळण देण्याची रीत महाराष्ट्रभर होती. एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आणि नंतर जुन्या वाहनांनाही ती बसविण्याचे आदेश निघाले. त्यामुळे ‘एमएच-२१’ पुढील ही चित्रकला संपत चालली आहे. सायलेन्सरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उत्पादनाच्या टप्प्यावर ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलीला ७७ डेसिबल व त्यावरील गाडीला ८० डेसिबल अशी आवाजाची मर्यादा घातलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. गाडी राखणारा जाणकार सहसा सायलेन्सर पोकळ करीत नाही, कारण त्याने निकासाचा दाब बिघडतो, अॅव्हरेज पडते, हे त्याला ठाऊक असते. फटाक्यांसारखा आवाज काढीत वर्गाच्या खिडकीखालून जाणारा मुलगा बहुधा गाडीविषयी फारसे जाणत नाही. दोघांना एकाच मापाने मोजले जाते, ही पहिल्याची रास्त तक्रार आहे.

मात्र सुरक्षेच्या बाबतीत जाणकारही अडाण्यासारखा वागतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के होते, आणि हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. टॅपेटचा बारीक आवाज ऐकू येतो म्हणून हेल्मेट नको, असे सांगणारे लोक भेटतात. इंजिनच्या ठोक्याविषयी इतका जागरूक असलेला माणूस स्वतःच्या कवटीविषयी एवढा बेफिकीर का, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नाही. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापकांसाठी तर आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे : गिअरची मोटारसायकल चालविण्याचे किमान वय १८ असून, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अकरावी-बारावीच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या मोजल्या तर या तरतुदीची स्थिती कळते.

या छंदात मुली कोठे आहेत, हेही विचारले पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून जिल्ह्यातील मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. पुढे महाविद्यालयात त्यांच्या हाती स्कूटर आली. गॅरेजच्या ओट्यावर बसून उघडलेले इंजिन पाहण्याची मुभा मात्र त्यांना मिळाली नाही. ज्ञान जेथे वाटले जाते तेथे बसण्याचीच सोय नसेल, तर मुलींना गाडीची आवड नसते हे विधान तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही.

प्रवास आणि हंगाम

मोटारसायकलप्रेमी म्हटला की लडाखचा प्रवास आलाच. जालन्यातील तरुणांच्या मोबाईलमध्येही लेहच्या रस्त्यांची छायाचित्रे असतात. परंतु मनाली-लेह मार्ग उघडा राहतो तो साधारण मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि हाच खरीपाचा काळ. पेरणी, खुरपणी, फवारणी सोडून वीस दिवस बाहेर राहणे शेतकरी कुटुंबातील मुलाला परवडत नाही. पैसा हाती येतो तेव्हा हिमालयातील खिंडी बर्फाखाली असतात. म्हणून लडाख ही नोकरदार मित्रांची गोष्ट राहते आणि इतरांचा प्रवास जवळचा असतो. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजा, चतुर्थीला राजूर, नवरात्रात अंबडची मत्स्योदरी, मंठ्यामार्गे लोणारचे सरोवर, पावसाळ्याच्या शेवटी अजिंठ्याचा घाट. एका दिवसात जाऊन रात्रीच्या धारेला परत येता येईल, एवढाच या प्रवासाचा परीघ. तो लहान वाटेल. पण त्या परिघातील प्रत्येक वळण, प्रत्येक पूल आणि कोणत्या फाट्यावर रात्री पंक्चर निघते, हे त्याला पाठ असते.

या जिल्ह्यातून, जालना व बदनापूर तालुक्यांतून, समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी. वेगाच्या दृष्टीने हा मार्ग दुचाकीसाठी धोक्याचा ठरेल म्हणून तेथे मोटारसायकलीला प्रवेश नाही. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. तरीपण ज्यांच्या जमिनीतून तो गेला त्यांच्यापैकी पुष्कळांकडे असलेले एकमेव वाहन त्यावर चढू शकत नाही. महामार्गाखालच्या बोगद्यातून दुधाचे कॅन घेऊन जाणारी मोटारसायकल आणि डोक्यावरून धावणाऱ्या मोटारी हे दृश्य जिल्ह्यात रोजचे झाले आहे.

बदलते यंत्र, बदलते ज्ञान

वर वर्णिलेले सारे ज्ञान आता एका वळणावर आले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ ही प्रदूषणमानके लागू झाली आणि मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळपास निघून गेला. त्याच्या जागी इंधनाची पिचकारी मारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. हवा किती, तापमान किती, रेस किती हे संवेदक मोजतात आणि एक लहान संगणक पेट्रोलाची मात्रा ठरवितो. गाडीने आपले बिघाड स्वतः ओळखून चालकास दिव्याद्वारे कळविण्याची व्यवस्थाही आवश्यक झाली. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढण्याची गरज उरली नाही, हा लाभ निःसंशय आहे. मात्र पाव फेरा फिरवायचा तो स्क्रूच आता नाही. हाताने आणि कानाने होणारे निदान आता स्कॅनरच्या पडद्यावर एका संकेतांकाच्या रूपाने दिसते, आणि तो स्कॅनर बहुतेक वेळा कंपनीच्या सेवाकेंद्रात असतो. दुरुस्तीची सत्ता गावातील ओट्यावरून शहरातील शोरूमकडे सरकते आहे. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आल्यावर जुन्या कार्बोरेटरच्या रबरी भागांची व टाकीत मुरणाऱ्या ओलाव्याची चिंता वेगळीच. अंबड-घनसावंगी पट्ट्यात ऊस लावणारा आणि येझदी सांभाळणारा शेतकरी एकच असेल, तर त्याने कोणत्या बाजूने बोलावे हा पेच आहे.

हाताच्या ज्ञानाला बुद्धीचे ज्ञान मानावे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य लेखकांनी मोटारसायकलीच्याच निमित्ताने हाताळला आहे. काशी हिंदू विद्यापीठात काही काळ तत्त्वज्ञान शिकलेले रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ मध्ये मोटारसायकलीची निगा आणि ‘गुणवत्ता’ ही संकल्पना यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले. राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानात पीएच.डी. मिळवून मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान काढणारे मॅथ्यू क्रॉफर्ड यांनी २००९ मध्ये कारागिरीतील बुद्धीचे समर्थन केले. दोघेही विद्यापीठातून गॅरेजकडे गेले. जालन्यातील मुलगा उलट दिशेने येतो. तो गॅरेजमधून महाविद्यालयात येतो आणि येथे त्याच्याजवळच्या ज्ञानाविषयी त्याला कोणी विचारीत नाही. भौतिकशास्त्राच्या तासाला उष्णता इंजिनाचे चक्र फळ्यावर काढले जाते, तेव्हा तो मागच्या बाकावर असतो. त्याची गाडी खिडकीतून दिसत असते, पण फळ्यावरचे इंजिन आणि खिडकीबाहेरचे इंजिन एकच आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

काही गॅरेजांमध्ये आता एक निराळे दृश्य दिसू लागले आहे. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर मोबाईलला जोडतो, आणि पडद्यावर आलेला संकेतांक मोठ्याने वाचतो. मिस्त्री तो ऐकतो, पण लगेच काही बोलत नाही. हात पुसून रेस थोडी वाढवितो, इंजिनकडे कान नेतो आणि मग सांगतो, की संवेदक ठीक आहे, तारेच्या जोडावर पाणी गेले आहे. पोरगा जोड उघडून पाहतो. आत पावसाची काळी माती असते.